मागच्या खोलीचं बटण

पॅसेजमधून टक् असा आवाज आला आणि आंब्याची कोय पिळता पिळता काजलचा हात थांबला.

जेवणं उरकून घर आडवं झालं होतं. वैशाखातली दुपार, गल्लीत कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. तिने कान दिला. फ्रिजची घरघर चालू होती, डोक्यावरचा पंखा फिरत होता. म्हणजे लाईट गेलेली नव्हती, आणि मेनही पडलेला नव्हता. मेन पडतो तेव्हा आवाज जड येतो आणि त्याच्या मागोमाग घरातलं सगळं एकदम मुकं होतं. हा आवाज लहान होता. कुणीतरी एकच बटण खाली केलं होतं, आणि तेही झोपलेल्यांची झोप मोडू नये अशा बेताने.

आंबे उतरायला लागले होते म्हणून ती आजच रस काढून ठेवत होती. हात कोपरापर्यंत माखलेले. ते तसेच वर धरून ती पॅसेजमध्ये आली. बटणांच्या पेटीचं झाकण उघडं होतं. खाली निळं प्लास्टिकचं स्टूल. पेटीतली बटणं ओळीने वर उभी होती, शेवटचं तेवढं मान टाकल्यासारखं खाली. त्याच्या बुडाशी पांढऱ्या पट्टीवर दीपकने, तिच्या नवऱ्याने, पेनाने लिहून चिकटवलं होतं: मागची खोली.

मागच्या खोलीत तिची माय होती.

वच्छलाबाई साखरखेर्ड्याहून आल्या त्या काही हौसेने नाही. जालन्याला त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. गावाकडच्या घरी दुसरं माणूस नाही, मुलगा गजेंद्र पुण्याला कंपनीत, त्याला सुटी नाही, आणि पुन्हा तपासणीला जायचं तर काजलच्या गावाहून, देऊळगाव राजाहून, जालन्याची बस सोपी. हे सगळं काजलनेच जुळवून आणलं होतं. लेकीच्या घरी कुठं इतके दिवस राहतात का, असं म्हणत म्हणतच त्या आल्या, आणि येताना अर्धं पोतं ज्वारी अन् तुरीची डाळ घेऊन आल्या. जावयाच्या घरचं फुकट खाल्लं असं कुणी म्हणू नये. काजलच्या सासूबाई, जयमालाबाई, त्यावर हसल्या होत्या. आमच्या घरी काय दाणे नाहीत का विहीणबाई, असं म्हणाल्या होत्या, आणि तसंच हसत हसत त्यांनी ते पोतं आपल्या कोठीत रिकामं करून घेतलं होतं.

दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी एक गोष्ट काजलला बजावली होती. उन्हाळ्याचे दिवस आहेत, डोळ्यात घाम उतरू देऊ नका. धूळ नको, पाणी नको, पण घाम तर मुळीच नको. डोळा एकदा चिघळला तर मग आमच्याही हातात काही राहत नाही. म्हणून काजलने मागच्या खोलीत कूलर लावला होता. त्याचं गवत तिने स्वतः बदललं होतं, टाकी स्वतः घासली होती.

आणि आता ते बटण खाली होतं.

तिने बेडरूमचं दार कोपराने लोटलं. फटीतून गार हवा पायांच्या बोटांवर आली. दीपक उताणा झोपला होता, चादर गळ्यापर्यंत ओढून. ओठाच्या कोपऱ्यात रस वाळून त्याचा पिवळा पापुद्रा झाला होता. श्वासाबरोबर तो पापुद्रा हलत होता. खोलीत मोगऱ्याच्या फवाऱ्याचा आणि जेवलेल्या माणसाचा वास कोंडला होता. बाहेर दगड तापून फुटायला आलेला असताना हा माणूस थंडी वाजते म्हणून चादर पांघरून होता. पण तो उठलेला दिसत नव्हता.

हॉलमध्ये जयमालाबाई पंख्याखाली कुशीवर होत्या. दातांना मिसरी लावून तशाच कलंडलेल्या. डोळे मिटलेले, पण पाऊल हलत होतं. त्या बुटक्या, पेटीपर्यंत पोचायला त्यांना स्टूल लागतं. काजलने मनातल्या मनात निवाडा करून टाकला.

मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. वच्छलाबाई पलंग सोडून खाली, उंबऱ्याशी बसल्या होत्या. एका हाताने पुठ्ठ्याने वारा घालत होत्या, तोही स्वतःला नाही, मांडीवर डोकं ठेवून पडलेल्या नातीला. दुसऱ्या हातात पदराच्या टोकाची घडी होती. कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आला की त्या ती घडी तिथे दाबायच्या, काळ्या चष्म्याच्या वरच्या काठावर, अगदी वेळेवर. सरावाचा हात होता तो. आज पहिल्यांदा असं झालेलं नव्हतं, हे काजलला त्या हातावरून कळलं.

"लाईट गेली वाटते," वच्छलाबाई म्हणाल्या.

"लाईट नाही गेली माय. पंखा फिरून राह्यला घरात."

"मंग इकडचीच गेली असंल. येईन. तू जा, तुह्ये हात भरले."

वैष्णवी आजीच्या मांडीवरून आईकडे बघत होती. गाल लाल, कपाळावर केस चिकटलेले, एका पायात चप्पल. ती काही बोलणार होती. आजीचा हात तिच्या डोक्यावरून फिरला आणि ती गप्प बसली.

बंद कूलरमधून ओल्या गोणपाटासारखा वास यायला लागला होता. खिडकीतून पलीकडे शेड दिसत होतं. शेडखाली गाडी उभी होती, पांढरी, पुसून लख्ख केलेली. तिच्या कुशीत चार्जरची गन खुपसलेली होती आणि भिंतीवरच्या चार्जरचा हिरवा दिवा सावकाश लागत होता, सावकाश विझत होता. गाडी निवांत पडून पीत होती.

ती गाडी दसऱ्याला आणायची हे दीपकने पितृपक्षातच ठरवलं होतं. त्याचं ठिबकचं आणि पंपांचं दुकान, गावात ओळख, गल्लीतली पहिली विजेची गाडी आपल्या दारात असावी ही हौस. नवरात्रात फिटर चार्जर घेऊन आला. खोक्यातून चार्जरबरोबर एक बारीक केबल निघाली आणि तिच्या टोकाला एक कडी. ती कशाला असते हे दीपकने गल्लीतल्या प्रत्येकाला समजावून सांगितलं होतं. मीटरजवळच्या जाड वायरीभोवती ही कडी बसवायची आणि तिथून केबल चार्जरपर्यंत न्यायची. घर किती वीज ओढतंय ते चार्जरला कळत राहतं. घराला जास्त लागलं की गाडी आपला हात आखडता घेते. घर निवलं की पुन्हा पोटभर. काजलला ते फार आवडलं होतं. एवढी समज असलेलं काहीतरी या घरात येणार, म्हणून.

पण मीटर पुढच्या ओट्यावर आणि शेड मागच्या अंगाला. चार्जरची जाड वायर पॅसेजमधल्या पेटीतून सरळ मागे गेली. ही बारीक केबल मात्र मीटरपासून न्यायची तर मध्ये हॉलची भिंत. त्या भिंतीशी घट बसलेले. घट बसलेल्या भिंतीला कुणी खिळा ठोकत नाही, आणि हा तर ड्रिल घेऊन आलेला. जयमालाबाईंनी फिटरला उंबऱ्यातच थांबवलं. घटाला हादरा बसला तर वर्षभर घराचं काही खरं नाही. बाहेरून न्यावी तर समोरच्या नव्या टाइल्सवर काळी रेघ ओढल्यासारखी दिसणार, ती दीपकला नको. आणि गाडी तर दसऱ्यालाच यायला हवी. फिटरने दोघांकडे बघितलं, मान हलवली, केबलशिवाय चार्जर चालू करून दिला आणि दसरा झाला की बोलवा म्हणाला. दसरा झाला, चाकाखाली लिंबं चिरडली, गाडीला हार घातला. त्याला कुणी बोलावलं नाही, आणि तोही आला नाही.

हिवाळाभर काही बिघडलं नाही. उन्हाळा लागला, एसी सुरू झाला, कूलर लागले आणि गाडी चार्जिंगला असली की मेन पडायला लागला. वच्छलाबाई नेमक्या त्याच दिवसांत आल्या. जयमालाबाई एकदा ताटावर बसल्या बसल्या सहज म्हणाल्या होत्या, आधी नव्हतं बाई असं होत. आधी म्हणजे कधी, ते त्या म्हणाल्या नाहीत. वच्छलाबाईंनी ताटात हात धुतला होता आणि त्या दिवशी दुसरी भाकरी घेतली नव्हती.

काजल तशीच पॅसेजमध्ये परतली. करंगळीने, जिला रस लागला नव्हता, तिने शेवटचं बटण वर केलं आणि खांदे आक्रसून उभी राहिली. आता खट् होईल, घर मुकं होईल, दीपक ओरडत बाहेर येईल.

काही झालं नाही.

मागे कूलर घरघरला, अडखळला, चालू झाला. बेडरूममध्ये एसी चालूच होता. खिडकीतून तिने पाहिलं, हिरवा दिवा आपला लागत होता, विझत होता. ती आणखी थोडी थांबली. तरीही काही झालं नाही. मग मात्र तिला त्या पेटीकडे बघवेना. एवढे दिवस तिची माय उंबऱ्याशी बसून घाम टिपत होती, आणि ते कशासाठीच नव्हतं.

दीपक पाणी प्यायला बाहेर आला तेव्हा ती तिथेच होती. बटण कुणी खाली केलं होतं, असं तिने विचारलं. कोणतं, असं त्याने फ्रिज उघडत विचारलं. मग, मी तर झोपलेलो, असं म्हणाला.

"गाडीला जरा हळू घेऊ द्या न," काजल म्हणाली. "मोबाईलवरून कमी करता येतं म्हणत होता तुम्ही."

"संध्याकाळी धाड गावाला जायचं आहे लग्नाला. हळू घेतली तर अक्षता काय उद्या टाकायच्या?"

"आता कूलर चालू आहे. मीच लावला. काहीच झालं नाही."

"चालते कधी कधी." त्याने बाटली तोंडाला लावली. घोट घशातून उतरताना तिने पाहिला. "कूलर ओढून ओढून ओढते किती? एसीच्या पासंगालाही पुरत नाही."

तो मोटरींच्या धंद्यातला माणूस. कोण किती ओढतं हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"अगं, तुझ्या आईचंच समाधान असते त्यात. आपला कोणाला त्रास नको, असं वाटते त्यांना. वाटू दे न. आपण कशाला मोडता घालायचा?"

त्याने पालथ्या हाताने तोंड पुसलं. पापुद्रा अजून तिथेच होता. काजलला वाटलं, आपण या माणसाचं उष्टं इतकी वर्षं काढलं. मग तिच्या लक्षात आलं की मायला तर एका डोळ्याने पेटीतलं दिसणारच नाही, आणि हातही पुरणार नाही. ती ते विचारणार तेवढ्यात गल्लीत कुणीतरी ओरडलं, नळ आले, नळ आले, आणि एका घरामागून दुसऱ्या घरातून मोटरी सुरू झाल्याचा आवाज यायला लागला.

देऊळगाव राजात नळ येतो तेव्हा माणूस मेलेला असला तरी उठून हंडा धरतो. जयमालाबाई तर नुसत्याच पडलेल्या होत्या. कुणाला कळायच्या आत त्या अंगणात पोचल्या, नळाला पाइप लावला आणि मोटरचं बटण दाबलं.

खट्.

पंखे थांबत गेले. फ्रिज गप्प झाला. एसी, कूलर, मोटर, सगळं एका दमात बसलं. त्या शांततेत पायांचा आवाज आला, एका पायात चप्पल असलेला, फट् थप् फट् थप्, मागच्या खोलीकडून धावत येणारा. वैष्णवीने स्टूल ओढलं, त्यावर चढली, जीभ ओठाच्या कोपऱ्यात धरून टाचा उंचावल्या आणि दोन्ही हातांच्या बोटांनी शेवटचं बटण खाली केलं. टक्. मग तिने वळून बापाकडे पाहिलं.

"शाब्बास," दीपक म्हणाला आणि तिच्या डोक्यावरून हात नेऊन त्याने मेन वर केला.

मोटर घुंग करून उठली आणि मेन पुन्हा पडला.

"अरे दीप्या, पाणी जाऊन राह्यलं!" अंगणातून जयमालाबाई ओरडल्या. "त्या गाडीचं बंद कर आधी!"

दीपकने गाडीचं बटण खाली केलं. एका क्षणात केलं. कुरकुर नाही, धाड नाही, अक्षता नाहीत. मेन वर गेला आणि राहिला. मोटर लागली, टाकीत पाण्याची धार पडल्याचा आवाज छतावरून ऐकू आला. जयमालाबाईंनी समाधानाने मिसरीची पिंक टाकली. शेवटचं बटण खालीच होतं. ते वर करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

काजलने वैष्णवीला स्टुलावरून उतरवून कडेवर घेतलं. रसाच्या हातांनी पोरीचा फ्रॉक पिवळा झाला. एरवी तिने लगेच तो भिजत घातला असता.

"तुला कोणी सांगितलं हे?"

"आजीनं. साखरखेर्ड्याच्या आजीनं." वैष्णवीने आनंदाने सांगितलं. "बाबाची गाडी उपाशी असली की आपली खोली आपण बंद करायची. कोणी म्हणायच्या आधी करायची. आवाज नाही करायचा. मी आज करून पण आली होती, मंग तू कशाले चालू केलं?"

"हुशार आहे पोरगी," दीपक पाइप सरळ करत म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखरच कौतुक होतं. "मला कधी हातही लावावा लागला नाही."

ते खरं होतं. त्याने हात लावला नव्हता. जयमालाबाईंनीही लावला नव्हता, त्यांचा तर काजलने उगाच निवाडा केला होता. या घरात कुणीच त्या बटणाला हात लावला नव्हता. किळस आली ती याचीच आली: सगळ्यांचे हात इतके स्वच्छ होते, आणि घाणीवर कुठे बोट ठेवायलाही जागा नव्हती. आणि तिचे स्वतःचे हात? पहिल्याच दिवशी मायची पिशवी खोलीत ठेवताना तिने हळू आवाजात सांगितलं होतं, काही लागलं तर मला सांग माय, त्यांना सांगू नको. तेही तिला आता आठवलं.

मागच्या खोलीत वच्छलाबाई पिशवी भरत होत्या. दोन लुगडी, कंगवा, डोळ्यात टाकायच्या औषधाची बाटली. चष्म्याआडून दिसत नव्हतं म्हणून प्रत्येक वस्तू हाताने चाचपून आत ठेवत होत्या.

"कुठं निघाली?"

"साखरखेर्ड्याची गाडी असंल आता एखांदी. मले बसवून दे."

"अन् डोळा?"

"एक आहे न दुसरा."

एवढं बोलून त्या हसल्या, आणि मग त्यांना जाणवलं की लेक हसली नाही. त्या पिशवी घेऊन पलंगाच्या कडेवर बसल्या. सगळं ऐकलं म्हणाल्या. माझ्यापायी घरात तोंडाला तोंड नको. जावईबापू चांगले आहेत, दुसऱ्या कुणी सासूला महिना महिना ठेवून घेतलं असतं का? जयमालाबाई एक शब्द वावगा बोलल्या नाहीत आजवर. त्या एकेकाला असं मोकळं करत गेल्या. काजल ऐकत राहिली. मायच्या कपाळावरून घाम निघाला होता, सरळ खाली येत होता, आणि या वेळी तो टिपायला हात मोकळा नव्हता. दोन्ही हातांनी पिशवी धरलेली होती. काजलने आपल्या पदराने तो भुवईवरच अडवला.

"लेकीच्या घरी माणसानं सावलीवाणी राह्यावं माय," वच्छलाबाई म्हणाल्या. "असावं, पण जागा घेऊ नाही."

"सावलीले घाम येते का?"

वच्छलाबाईंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"पोरीले काऊन शिकवलं मंग?"

"मले दिसत नाही त्या पेटीतलं. तिले खेळ वाटते." त्यांनी मान लेकीकडे वळवली. "तू पण अशीच शहाणी होती. पाहुणे झोपले की कंदील बारीक करून यायची. सांगा नाही लागायचं."

काजलला तो कंदील आठवला. बैठकीत बापाचे पाहुणे पसरलेले, आणि ती पावलं न वाजवता वातीची चावी फिरवून परत येणारी, आत स्वयंपाकघरात माय अंधारात बसून जेवत असलेली. मायने पाठीवरून हात फिरवलेला. केवढा अभिमान वाटायचा त्या हाताचा. तिच्या अंगावर शहारा आला, पाल अंगावरून गेल्यासारखा.

तिने मायच्या हातून पिशवी घेतली, त्यातली लुगडी काढून दोरीवर टाकली आणि ती बाहेर आली.

नळ गेला होता. दीपक पाइप गुंडाळून, पाय पुसून पॅसेजमध्ये येत होता. काजल पेटीसमोर उभी होती. तिने शेवटचं बटण वर केलं, आणि हात तिथेच झाकणावर ठेवला. हातावरचा रस वाळून कातडी ओढल्यासारखी होत होती.

"गाडीचं लावायचं आहे," दीपक म्हणाला.

"एसी बंद करा, मग लावा."

त्याला आधी गंमत वाटली. हसून त्याने आईकडे पाहिलं, म्हणजे ऐकलंस का अशा अर्थाने. जयमालाबाई चूळ भरून आल्या होत्या. माहेरचं माणूस घरात आलं की बाईला तोंड फुटते, एवढंच त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या आणि आत गेल्या. दीपकचं हसू जागीच राहिलं. त्याने पुढे होऊन काजलचं मनगट धरलं, जोरात नाही. रसाचा चिकटा त्याच्या बोटांना लागला आणि त्याने हात मागे घेतला, लेंग्याला पुसला.

"दोन घटकांसाठी तमाशा करून राह्यली तू. लोकं काय म्हणतील?"

"डोळा दोन घटकांतच जातो," काजल म्हणाली. आवाज वर गेला नाही. "मायची तपासणी होईपर्यंत गाडी पिणार असली की एसी बंद राहील. नाहीतर गाडी बंद राहील. कोणतं ते तुम्ही ठरवा. हे बटण सोडून."

ती हलली नाही. मग दीपक बेडरूममध्ये गेला, एसी बंद केल्याचा टुणटुण आवाज आला, आणि तो उशी बगलेत घेऊन बाहेर पडला. जाताना त्याने गाडीचं बटण स्वतः वर केलं, तिच्याकडे न बघता. थोड्या वेळाने काजलने खिडकीतून पाहिलं. गाडीच्या काचा वर होत्या. आत सीट मागे पाडून, पाय डॅशबोर्डवर टाकून तो पडला होता, गाडीचा एसी लावून. काचेला आतून त्याच्या तळपायाचा ठसा उमटला होता. चार्जरचा हिरवा दिवा लागत होता, विझत होता.

तिने हात धुतले. नखांतला पिवळेपणा जाईना. साबण लावून, नारळाच्या काथ्याने घासून तिने ते पुन्हा धुतले, डोळ्यात औषध टाकायचं होतं म्हणून.

मागच्या खोलीत कूलरचा वारा पसरला होता. वच्छलाबाई पलंगावर होत्या खऱ्या, पण वाऱ्याच्या वाटेतून बाजूला, भिंतीला टेकून. काजलने त्यांना धरून वाऱ्यासमोर आणलं, मागे डोकं टेकवायला लावलं, चष्मा उतरवला. डोळा लालसर होता. तो आज लाल झाला की रोजच असा होता, तिला सांगता आलं नसतं. तिने पापणी अलगद ओढून थेंब टाकला. माय लहान मुलासारखी ओठ मिटून पडून राहिली. वैष्णवी औषधाच्या बाटलीचं टोपण मुठीत धरून, आईच्या कोपराशी लागून उभी होती. तिचे गाल आता थोडे निवले होते.

त्या बटणाला आता तू हात लावायचा नाही, असं काजलने तिला सांगितलं. कोणी सांगितलं तरी नाही. आजीने सांगितलं तरी? आजीने सांगितलं तरी. बाबाने? बाबाने पण. वैष्णवीने त्यावर विचार केला. शाब्बासकीचं एक काम हातातून गेलं होतं आणि त्याच्या बदल्यात काय मिळालं हे तिला समजत नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "मी मोठी झाली की माह्यं पण लग्न होईन न?"

"होईल."

"मंग तू म्हातारी झाली की माह्या घरी राह्याले येशील?"

"येईन न." काजलने मायच्या गालावर ओघळलेला थेंब बोटाने टिपला. वच्छलाबाईंचा दुसरा डोळा, चांगला डोळा, उघडा होता आणि लेकीकडे बघत होता.

"मंग तवा," टोपण एका मुठीतून दुसऱ्या मुठीत घेत वैष्णवीने विचारलं, "तुह्यं बटण मी बंद करू, का तू आपलं आपणच करशील?"